गाव सोडावे की सोडू नये? कापड व्यापाऱ्याने मांडावयाचा हिशेब

मालेगाव, भिवंडी किंवा इचलकरंजीत बसून कापडाचा धंदा करणाऱ्या बांधवांपैकी असा क्वचितच कोणी असेल की, मंदीच्या दिवसांत ज्याच्या मनात सुरतेचा विचार आला नाही. विजेचे बिल वाढले, सुताचा भाव चढला, ग्रे कापडाला उठाव नाही, पार्टीने दोन महिने पैसे दिले नाहीत, की माणूस रात्री अंथरुणावर पडून म्हणतो, चला, गावच बदलू या. हा विचार वाईट नाही. परंतु तो अंथरुणावर न करता वही उघडून करावा, एवढेच आमचे म्हणणे आहे. आम्ही स्वतः एकदा वही न उघडता गाव सोडले होते आणि त्याची किंमत मोजली आहे. म्हणून या विषयावर दोन शब्द लिहिण्याचा हक्क आम्हांस आहे असे वाटते.

निमित्त असे घडले की, गेल्या दिवाळीनंतर आमच्या थोरल्या भाईजानांचा मुलगा एका संध्याकाळी गाळ्यावर आला. भाईजान आता हयात नाहीत. त्यांचे चोवीस माग तोच चालवतो. त्याच्या हातात भंगारवाल्याची चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर मागांचा भाव किलोप्रमाणे लिहिलेला होता. तो म्हणाला, "चाचा, माग काढून टाकतो आणि बायकोमुलांना घेऊन सुरतेला जातो. तुम्ही फक्त हो म्हणा." ज्या मागांच्या आवाजात तो लहानाचा मोठा झाला त्यांचा भाव लोखंडाच्या वजनाने लागलेला पाहून आमच्या तोंडून शब्द निघेना. आम्ही हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. एवढेच म्हटले, "बेटा, आठ दिवस रोज इशानंतर येऊन बस. आपण कागदावर मांडू." त्या आठ रात्रींत जे कागदावर उतरले, तेच येथे देत आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर करावा. मालेगावच्या माणसाला गाव सोडण्याचे वावडे आहे, हे खरे नाही. आपले हे गाव वसले तेच मुळी गाव सोडलेल्या लोकांचे. १८५७ नंतरच्या काळात उत्तर हिंदुस्थानातील विणकरांची कुटुंबे आग्रा रोडने खाली उतरत मालेगाव, भिवंडीपर्यंत आली. तेलंगणातील पद्मशाली विणकर सोलापूरला, भिवंडीला आणि सुरतेला गेले. आज सुरतेच्या मागांवर ओडिशातील गंजाम जिल्ह्यातून आलेले मजूर फार मोठ्या संख्येने काम करतात. कापडाचा धंदा आणि प्रवास यांचे नाते असे जुने आहे. मात्र ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की, हे लोक एकटे गेले नाहीत. आधी गेलेला एक जण मागून येणाऱ्या दहांना बोलावीत असे. नव्या माणसासाठी सूतवाल्यापाशी शब्द टाकणारा कोणीतरी तेथे आधीच बसलेला असे. व्यापारी मात्र बहुधा एकटाच जातो. त्याच्यासाठी शब्द टाकणारा कोणी नसतो, आणि उधारीचा सारा बाजार तर शब्दावर चालतो.

आता आमचा तजुर्बा. २०११ सालच्या सुरुवातीस कापसाचे भाव जगभर असे चढले की पूर्वी कोणी पाहिले नव्हते, आणि काही महिन्यांतच ते कोसळले. ज्यांनी चढ्या भावाचे सूत भरून ठेवले होते ते कारखानदार अडचणीत आले, आणि ज्यांचे त्यांच्यात पैसे होते ते आमच्यासारखे व्यापारीही. वर्षभर कसेबसे रेटले. २०१२ च्या दिवाळीनंतर आम्ही आणि धाकटा भाऊ, दोघांनी ठरवले की आता सुरत. भाईजानांनी एकच गोष्ट सांगितली होती, "जायचे तर जा, गाळा सोडू नका." आम्ही ऐकले नाही. वडिलांच्या वेळचा पगडीचा गाळा देऊन टाकला आणि ती रक्कम घेऊन सुरतेच्या रिंग रोडवरील एका मार्केटात तिसऱ्या मजल्यावर भाड्याने गाळा घेतला. सोळा महिन्यांनी, २०१४ च्या मार्चमध्ये आम्ही परत आलो. आज ज्या गल्लीत बसतो ती बाजाराच्या मागची गल्ली आहे. समोरची जागा पुन्हा मिळाली नाही, मिळणारही नाही.

काय चुकले? सुरतेत नव्हे, आमच्या हिशेबात चुकले. पहिली चूक अशी की, आम्ही समजत होतो आम्ही फक्त गाव बदलत आहोत. प्रत्यक्षात आम्ही माल बदलत होतो. मालेगावचा आमचा धंदा कॉटन आणि पीसी ग्रेचा. येथे खरेदी करावयाचा आणि पाली, बालोतरा, अहमदाबाद येथील प्रोसेसवाल्या पार्ट्यांना पाठवावयाचा. सुरत हे मुख्यतः कृत्रिम धाग्याचे, पॉलिएस्टरचे गाव. वडिलांनी आम्हांस लहानपणापासून तागा हातात धरून सूत ओळखायला शिकवले होते. तीस नंबर आहे की चाळीस, ते बोटांना कळे. तेथे बोटांचा काही उपयोग होईना. सुताचा नंबर जसजसा वाढतो तसतसे सूत बारीक होते. पॉलिएस्टरचे डेनियर जसजसे वाढते तसतसा धागा जाड होतो. म्हणजे उलटा कारभार. ५३१५ या आकड्याला सुताच्या नंबरने भागले की डेनियर निघते, म्हणजे तीस नंबर सूत सुमारे १७७ डेनियर आणि चाळीस नंबर सुमारे १३३. हे गणित आम्ही तेथे गेल्यावर एका दलालाकडून शिकलो, आणि शिकेपर्यंत दोन वेळा चुकीचा माल भरून बसलो होतो. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाने नव्याने हात घडवावयाचा म्हणजे त्याला वेळ लागतो, आणि त्या वेळाचे भाडे रोज चालू असते.

एक बारीक अडचण भाषेची. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. मराठी, हिंदी व्यवहारापुरती येते. परंतु सुरतेतील जुन्या पेढ्यांचे हिशेब आणि चिठ्ठ्या गुजरातीत. बोललेले समजे, लिहिलेले समजत नसे. एका पार्टीने चिठ्ठीत वटाव किती कापला हे आम्हांस तिसऱ्या बिलाला कळले. हसण्यासारखी गोष्ट आहे, पण त्या वेळी हसू आले नाही.

दुसरी चूक सर्वांत मोठी, आणि वाचक बांधवांनी येथे थोडा वेळ थांबावे. ती आहे उधारीच्या दिवसांची. उदाहरण घेऊ. समजा एका व्यापाऱ्याची महिन्याची विक्री वीस लाखांची आहे. मालेगावात त्याला कारखानदार ओळखतो, म्हणून खरेदीचे पैसे तीस दिवसांनी द्यावयाचे असतात. विक्रीचे पैसे पंचेचाळीस दिवसांनी येतात. मधले पंधरा दिवस त्याला स्वतःच्या पैशाने भरून काढावे लागतात. वीस लाखांचे पंधरा दिवस म्हणजे दहा लाख. नफ्याचा भाग बाजूला ठेवला तर एवढ्या भांडवलात त्याचा गाडा चालतो. आता तोच माणूस अनोळखी शहरात गेला. तेथे त्याला कोणी ओळखत नाही, म्हणून खरेदी रोखीने. आणि तेथे त्याला कोणी ओळखत नाही, म्हणूनच गिऱ्हाईक लावण्यासाठी त्याला इतरांपेक्षा लांब उधारी द्यावी लागते, नव्वद दिवस. वीस लाखांचे नव्वद दिवस म्हणजे साठ लाख. तीच विक्री, तोच नफा, आणि भांडवल सहापट!

हे सहापट भांडवल आमच्याजवळ नव्हते. पगडीचे पैसे आम्हांस मोठे वाटत होते. ते चौथ्या महिन्यातच बाजारात अडकले. साख ही गोष्ट ट्रकमध्ये भरून नेता येत नाही. मालेगावात वडिलांच्या नावावर आम्ही तीस दिवस कापड उचलत होतो, ते नाव नवापूरच्या पलीकडे कोणी ऐकलेलेही नव्हते. ते तीस दिवस म्हणजे घरची दौलत आहे हे आम्हांस ती गेल्यावर कळले. कोणत्याही बँकेने एवढी रक्कम आम्हांस बिनकागदी दिली नसती.

त्यात भर परत येणाऱ्या मालाची. सुरतेच्या बाजारात त्यास आरजी म्हणतात. सीझन संपला की न विकलेला माल बाहेरगावची पार्टी परत पाठवून देते. डिझाइन जुने झालेले, घडी मोडलेली, पेटी फाटलेली. विक्रीच्या वहीत जो आकडा लिहून आपण खूश होतो त्यातला किती खरा, हे तीन महिन्यांनी समजते. ग्रेमध्ये असला प्रकार आमच्या अंगवळणी नव्हता. ग्रेचा तागा खराब निघाला तर भांडण होते, तोड होते, विषय संपतो. आणि काही पार्ट्या तर माल घेऊन उठूनच जातात. आमच्या सोळा महिन्यांत अशी एक पार्टी उठली. ज्या दलालाने ती दिली होती त्याने खांदे उडवले. मालेगावचा दलाल असा खांदे उडवू शकत नाही, कारण जुम्म्याला तो आपल्याच शेजारी सफेत उभा असतो. दलाल कोणत्या गावी राहतो यालाही किंमत आहे.

सुरतेविषयी आमच्या मनात कटुता नाही, हेही लिहून ठेवतो. त्या शहराची ताकद आम्ही डोळ्यांनी पाहिली. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या बातमीने लाखो माणसे ते शहर सोडून पळाली होती. त्यानंतर काही वर्षांतच सुरतेच्या स्वच्छतेची उदाहरणे देशभर दिली जाऊ लागली. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीच्या पुराने बहुतेक शहर पाण्याखाली गेले, आणि बाजार पुन्हा उभा राहिला. २०२५ च्या फेब्रुवारीत रिंग रोडवरील एका मार्केटात आग लागून शेकडो दुकाने जळाली. हे सांगण्याचे कारण असे की, पुन्हा उभा राहतो तो बाजार. प्रत्येक दुकानदार उभा राहतोच असे नाही. जुन्या पेढीला सूतवाला, प्रोसेसवाला मुदत देतो. नव्या भाडेकरूने मालाचा विमा उतरवलेला नसेल तर त्याला कोण मुदत देणार? मालकाने इमारतीचा विमा घेतला आहे यावर समाधान मानू नये. आपला माल आपल्याच नावाने विमा करावा.

आता कागदपत्रांचे. आम्ही गेलो त्या वेळी कापडाच्या व्यापाऱ्यास कराच्या कागदांचा आजच्यासारखा जाच नव्हता. २०१७ च्या जुलैपासून जीएसटी आला आणि चित्र बदलले. जीएसटीचा नंबर राज्यापुरता असतो. मालेगावहून भिवंडीला गेलात तर त्याच नंबरात पत्ता बदलता येतो किंवा जादा जागा म्हणून नोंदवता येते. मालेगावहून सुरतेला गेलात तर गुजरातचा नवा नंबर घ्यावा लागतो. महाराष्ट्राच्या नंबरावर जमा असलेले क्रेडिट गुजरातच्या नंबरावर नुसते अर्ज करून नेता येत नाही. नंबर रद्द केला तर शिल्लक मालावर घेतलेली वजावट परत भरावी लागते. आपलाच माल आपल्याच दुसऱ्या राज्यातील दुकानावर पाठवला तरी कायदा त्यास पुरवठा मानतो आणि त्यावर कर लागतो. पुष्कळ लोक यास जुलूम म्हणतात, परंतु शहाणा माणूस यातच वाट काढतो. जुना नंबर रद्द करण्याआधी माल रीतसर बिल करून नव्या नंबरावर पाठवावा. कर जुन्या क्रेडिटमधून भरला जातो आणि नव्या नंबरास त्याचे क्रेडिट मिळते. आधी नंबर रद्द करून मग माल हलवणारा दोन्हीकडून मार खातो. आपल्या हिशेबनीसाकडे जाण्याची तारीख ट्रक भरण्याच्या तारखेच्या आधीची असावी.

दुसरी गोष्ट पंचेचाळीस दिवसांची. सूक्ष्म व लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावेत असा कायदा आहे. २०२४-२५ या आकारणी वर्षापासून त्यास आयकराची जोड मिळाली. मुदत उलटून वर्षअखेर जी रक्कम थकीत राहते, ती खरेदीदारास त्या वर्षी खर्चात दाखवता येत नाही. ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच ती वजा होते. यामुळे बडे खरेदीदार मार्चमध्ये धावपळ करताना दिसतात. परंतु हे संरक्षण उत्पादकास आहे, निव्वळ व्यापाऱ्यास नाही. आमचा पुतण्या चोवीस माग भंगारात घालून सुरतेत व्यापारी म्हणून बसला असता, तर ज्या कायद्याने त्याचे पैसे आज वेळेवर येऊ शकतात तो कायदा त्याने लोखंडाबरोबरच विकला असता. उलट व्यापारी म्हणून मालेगावच्या लहान कारखानदारांना पंचेचाळीस दिवसांत पैसे देण्याचे बंधन मात्र त्याच्यावर आले असते. ही गोष्ट तिसऱ्या रात्री निघाली. तेव्हा त्याने प्रथमच चिठ्ठी खिशात घातली.

घराचा हिशेब लोक सर्वांत शेवटी करतात, आणि आम्हीही तसेच केले होते. अम्मीने सुरतेला यायला साफ नकार दिला होता. तिचे म्हणणे, "तुम्ही जा, मी तुमच्या अब्बांपासून दूर जाणार नाही." अब्बांची कबर येथे. आम्ही मानले की सहा महिन्यांत मन वळेल. वळले नाही. दुसऱ्या वर्षी तिची तब्येत बिघडली. रात्रीच्या गाडीने नवापूर, धुळे करीत सकाळी मालेगावला पोहोचलो तेव्हा शेजाऱ्यांनी तिला नाशिकला हलवले होते. ती बरी झाली, अल्हम्दुलिल्लाह. पण त्यानंतर महिन्यातून तीन-चार फेऱ्या होऊ लागल्या. दुकान बंद राहिलेल्या दिवसांचे भाडे कोणी माफ करीत नाही. शिवाय मालेगावची सुट्टी जुम्म्याची आणि सुरतेच्या बाजाराची रविवारची. दोन्हीकडे पाय असलेल्या माणसाचे आठवड्यातले दोन दिवस असेच जातात.

मुलांच्या शिक्षणाविषयी लोक घाबरवतात तितके घाबरण्याचे कारण नाही. सुरत महानगरपालिकेच्या शाळा गुजरातीबरोबरच मराठी, उर्दू, हिंदी अशा अनेक माध्यमांच्या आहेत, आणि लिंबायत, उधना भागात खानदेशातली माणसे एवढी आहेत की अहिराणी कानावर पडल्याशिवाय दिवस जात नाही. खरी अडचण मोठ्या मुलांची. महाराष्ट्रातील वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी सर्वसाधारणपणे याच राज्यातून झालेली असावी लागते. नववीतल्या मुलीला घेऊन राज्य सोडणाऱ्या बापाने हे आधी माहीत करून घ्यावे. जातीचा दाखलाही एका राज्याचा दुसऱ्या राज्याच्या सवलतींसाठी सहसा चालत नाही. पुतण्याची मोठी मुलगी आठवीत आहे आणि हुशार आहे. त्याच्या बायकोने हा मुद्दा काढला, आम्ही नाही. बायकांना विचारल्याशिवाय हा निर्णय घेऊ नये, हे आम्ही यातून शिकलो. सुरतेला जाताना आमच्या घरात कोणाला विचारले होते, आठवत नाही.

काही बांधव विचारतील, सुरतच का, भिवंडी का नाही? प्रश्न रास्त आहे. राज्य तेच, नंबर तोच, माल ओळखीचा, आणि मुंबई व न्हावा-शेवा बंदर जवळ. मालेगावला आजही रेल्वे स्टेशन नाही, मनमाडला जावे लागते. परंतु भिवंडीतील जागेचा भाव आता मागवाल्यांच्या हाती राहिलेला नाही, गोदामवाल्यांच्या हाती गेला आहे. ज्या शेडमध्ये माग चालत होते तेथे आता मोठ्या कंपन्यांचा माल उतरतो. नव्याने माग लावण्यासाठी तेथे जाण्यात आम्हांस अर्थ दिसत नाही. माल ठेवून मुंबईच्या पार्ट्यांना पुरवावयाचा असेल तर जरूर विचार करावा. पुतण्याच्या पार्ट्या मुंबईत नव्हत्या, म्हणून आम्ही त्यावर जास्त वेळ घालवला नाही.

त्याचा आकडा असा होता. महिन्याची विक्री बारा लाख. तीन वर्षांपासून सुरतेतील ड्रेस मटेरियलच्या दोन व्यापाऱ्यांना तो कॉटन ग्रे पाठवतो. येथेच त्याच्यात आणि आमच्यात फरक होता. तो आपलाच माल, ओळखीच्या पार्ट्यांत घेऊन जाणार होता. आम्ही अनोळखी माल घेऊन अनोळखी पार्ट्यांत गेलो होतो. स्वतःच्या मागावरचा माल पुरत नाही म्हणून शेजारच्या कारखानदारांकडूनही तो घेतो. सूत आणि कापड, दोन्हीचे पैसे तीस दिवसांत द्यावे लागतात. सुरतेचे पैसे साठ दिवसांत येतात. मध्ये तीस दिवस, म्हणजे बारा लाख अडकलेले. स्वतः तेथे बसून रोज तोंड दाखवले तर वसुली पंचेचाळीस दिवसांवर येईल असे त्याचे म्हणणे, आणि ते आम्हांस पटले. त्या हिशेबाने सहा लाख मोकळे होतात. खर्चाच्या बाजूस गाळ्याचे भाडे अठरा हजार, खोली नऊ हजार, एक माणूस पंधरा हजार, जेवण आणि फेऱ्या आठ हजार, असे महिना पन्नास हजार. त्याच्या मालात शेकडा चार सुटतात. पन्नास हजार सुटण्यासाठी साडेबारा लाखांची जादा विक्री हवी. म्हणजे विक्री दुप्पट झाली तर तो जिथे आज आहे तिथेच राहील, आणि जे सहा लाख मोकळे होणार होते ते त्या दुप्पट विक्रीतच पुन्हा अडकतील.

आम्ही पेन्सिल खाली ठेवली आणि त्याच्याकडे पाहिले. आम्हांस वाटले विषय संपला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "चाचा, तुम्ही इथले बारा लाख बाराच धरले. दोन वर्षांपूर्वी ते पंधरा होते. पुढच्या वर्षी दहा होतील. ते कुठे लिहिले?"

ते आम्ही कोठेच लिहिले नव्हते. जाण्याचा खर्च आम्ही पैशा-पैशाने मांडला होता आणि राहण्याचा खर्च शून्य धरला होता. परत आलेल्या माणसाच्या हातून अशी चूक होते, कारण त्याला आपले परत येणे बरोबर होते असे सिद्ध करावयाचे असते. उरलेल्या रात्री आम्ही त्याच रकान्यावर घालवल्या. विक्री दर वर्षी दीड लाखाने घटत गेली तर चोवीस माग किती दिवस चालतील? विजेचे बिल, जॉबर आणि कांडीवालीची मजुरी धरून उत्तर आले, चालवता आले तर दोन वर्षे. आकड्यांनी कोणाचीच बाजू घेतली नाही. जाणेही महाग, राहणेही महाग.

शेवटी ठरले ते असे. चोवीसपैकी बारा माग, जे जुने होते आणि ज्यांच्या दुरुस्तीतच पैसा जात होता, ते भंगारात गेले. त्यातून सुरतेच्या गाळ्याचे डिपॉझिट निघाले. उरलेले बारा त्याच्या नावावर आणि त्याच्या नोंदणीवर चालू आहेत, मेहुणा लक्ष ठेवतो. शेड सोडली नाही. महाराष्ट्राचा नंबर रद्द केला नाही. गाळ्याचा करार अकरा महिन्यांचा, लांब मुदतीचा नाही. बायकोमुले येथेच. जूनमध्ये, राखीच्या आणि दिवाळीच्या सीझनच्या आधी तो एकटा गेला. जाताना तिसऱ्या पार्टीचे नाव आम्हांस सांगून गेला, आणि आमच्या ओळखीच्या ज्या दलालाने आम्हांस डेनियरचे गणित शिकवले होते त्याच्या नावे आम्ही चिठ्ठी दिली. तो दलाल आता म्हातारा झाला आहे, पण बाजारात बसतो.

अट एकच घातली. दर महिन्याच्या पहिल्या जुम्म्याला त्याने मालेगावला यावे आणि तीन आकडे सांगावेत. विकले किती, वसूल किती, परत किती आले. विक्रीचा आकडा एकटा सांगितला तर आम्ही ऐकून घेणार नाही. जमा-खर्चाचा कागद दोघांच्या समोर राहील आणि सहाव्या महिन्यात वसुली विक्रीच्या निम्म्याहून कमी असेल तर करार संपण्याची वाट न पाहता गाळा सोडावयाचा, हे त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिले आहे.

पहिल्या महिन्याचे आकडे आले. विक्री चौदा लाख, वसुली पाच लाख ऐंशी हजार, परत आलेला माल चाळीस हजारांचा. वसुलीतला बराच भाग जुन्या दोन पार्ट्यांचा. भंगारवाल्याची ती चिठ्ठी आमच्या गल्ल्यात आहे. तिच्यावरचा चोवीसचा आकडा खोडून त्याने बारा केला आहे.